जुन्या डेस्कटॉपवर कोडिंगसाठी लिनक्स कसं टाकायचं? आणि मध्येच अडलं तर काय करायचं?

बीसीएला ॲडमिशन झालं, कॉलेज सुरू झालं, पहिलं प्रॅक्टिकल लागलं. लॅबमध्ये आठवड्यातून काही तासच कॉम्प्युटर मिळतो. घरी सराव करायचा तर कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, पण तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. दुकानात नेला तर उत्तर मिळतं, "यावर विंडोज ११ चालत नाही. नवीनच घ्या."

परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, कुठेही राहत असाल, हा संवाद ओळखीचा वाटेल. नव्या मशीनचा खर्च प्रत्येक घराला झेपत नाही. मग कुणीतरी पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेलं विंडोज मारून देतो. त्या क्रॅकसोबत व्हायरस आला का, हे कुणी तपासत नाही.

तिसरा मार्ग आहे लिनक्सचा. तो मोफत आहे, कायदेशीर आहे आणि प्रोग्रामिंग शिकायला उत्तम आहे. पण बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात, कारण पहिली एरर आली की घाबरायला होतं. म्हणून या लेखात लिनक्स बसवायचं कसं हे तर पाहूच, पण अडल्यावर काय करायचं, हेही तितकंच सविस्तर पाहू.

हा प्रश्न आताच का आला?

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. म्हणजे कॉम्प्युटर चालू राहतो, पण नेहमीची सुरक्षा अपडेट बंद होतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या किंवा पुढच्या पिढीचा हवा. या पिढीचे प्रोसेसर २०१७ मध्ये बाजारात आले. त्याआधीचे बहुतेक डेस्कटॉप इथेच बाद होतात, मग ते कितीही ठणठणीत असोत.

लिनक्स म्हणजे नेमकं काय?

१९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं एक कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यामधला दुवा. तोच लिनक्स. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्स कर्नलवरच चालतो. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आहेत.

कर्नलला डेस्कटॉप, ब्राउझर, सेटिंग्ज वगैरे जोडून जे तयार पॅकेज मिळतं, त्याला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही अशाच डिस्ट्रोंची नावं.

हे आपल्यासाठी अगदीच परकं नाही. सी-डॅकनं २००७ मध्ये भारतीय भाषांसाठी 'बॉस' नावाची डिस्ट्रो आणली. केरळमधल्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून मुलं लिनक्सवर शिकतात. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन अशा विषयांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे मोफत व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेच मराठीत ऐकता येतात. मग लिनक्स अवघड का वाटतं? कारण आपल्यातल्या बहुतेकांनी एमएस-सीआयटीपासून फक्त विंडोजच पाहिलं आहे.

आधी मशीन तपासा

तीन गोष्टी बघा. प्रोसेसर ६४-बिट आहे का? रॅम किती? हार्ड डिस्कवर जागा किती? विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर पहिल्या दोन गोष्टी कळतात.

लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. पण सुखानं काम करायचं तर ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा हवी, असं मिंटचंच सांगणं आहे. उबुंटू २४.०४ ला किमान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा लागते. रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे डिग्री पूर्ण होईपर्यंत काळजी नाही.

थोडे पैसे खर्च करता येत असतील तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटा साटा एसएसडी बसवा. जुन्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा फरक यानं पडतो.

बॅकअप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका

घरच्या डेस्कटॉपवर फक्त तुमचं काही नसतं. लग्नाचे फोटो, बहिणीच्या मार्कशीट, सातबाराचे स्कॅन, पीकविम्याच्या पावत्या, सगळं तिथेच असतं. इन्स्टॉल करताना एक चुकीचा पर्याय निवडला तर हे सगळं पुसलं जातं. इथे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' चालत नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा दुसऱ्या पेनड्राइव्हवर सगळं कॉपी करा आणि ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडते का, हेही बघा.

विंडोज ठेवून सोबत लिनक्स टाकायचं असेल तर आणखी दोन कामं आहेत. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. आणि डिस्कवर बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

तीन जीबीची फाइल मोबाइल डेटावर कशी उतरवायची?

मिंटची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची असते. उबुंटूची त्याच्या जवळपास दुप्पट. रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर एका दिवसात ती उतरत नाही. यावर उपाय म्हणजे टॉरंट. मिंट आणि उबुंटू दोन्हींच्या अधिकृत वेबसाइटवर टॉरंटची लिंक असते. आज निम्मी फाइल उतरवा, उद्या उरलेली. लाइट गेली तरी उतरलेला भाग वाया जात नाही.

फाइल पूर्ण झाली की ती नीट उतरली का ते तपासा. वेबसाइटवर 'शा-२५६' नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. तुमच्या फाइलचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. ही पायरी सोडली आणि फाइल बिघडलेली निघाली, तर इन्स्टॉल अर्ध्यात अडकतं आणि दोष भलतीकडेच शोधत बसावं लागतं.

आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. 'रुफस' किंवा 'बलेना एचर' या मोफत सॉफ्टवेअरनं त्यावर आयएसओ लिहा. नुसती फाइल कॉपी-पेस्ट केली तर पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी 'लाइव्ह' चालवून बघा

पेनड्राइव्ह लावा, मशीन सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक वेळा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असेम्बल केलेल्या मशीनवर मदरबोर्डप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

आता लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालतं. हार्ड डिस्कला अजून काही झालेलं नाही. इथे पंधरा मिनिटं घालवा. वायफाय दिसतं का? आवाज येतो का? स्क्रीनचा आकार बरोबर आहे का? कीबोर्ड चालतो का? इथे जे चालतं ते बहुधा इन्स्टॉल केल्यावरही चालतं.

समाधान झालं की इन्स्टॉलचं चिन्ह उघडा. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो, डिस्कचं काय करायचं? 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून फक्त लिनक्स. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोजच्या शेजारी लिनक्स. हा दुसरा पर्याय दिसतच नसेल तर विंडोज आणि पेनड्राइव्ह वेगवेगळ्या पद्धतीनं सुरू झाले असू शकतात, एक यूईएफआय आणि दुसरा लेगसी. अशा वेळी थांबा. बूट मेन्यूत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसत असेल तर दुसरं नाव निवडून पुन्हा सुरू करा.

आणि हो, डेस्कटॉपला बॅटरी नसते. इन्स्टॉल सुरू असताना लाइट जायला नको, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर जोडा, नाहीतर लोडशेडिंगची वेळ टाळा.

कोडिंगची तयारी

लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बहुतेक वेळा टर्मिनलमधून टाकतात. टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहा.

पहिली कमांड: 'सुडो एपीटी अपडेट'. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, अर्थात 'मालकाच्या अधिकारानं कर'. पासवर्ड विचारला जाईल. टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, तो घेतला जात असतो.

दुसरी: 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल'. यात सी आणि सी++ चे कंपायलर येतात. त्याच पद्धतीनं 'गिट' टाका. जावासाठी 'डिफॉल्ट-जेडीके' टाका. पायथन आधीपासूनच असतं. कोड लिहायला व्हीएस कोड वापरायचं असेल तर त्याची डेब फाइल अधिकृत साइटवरून घ्या. रॅम कमी असेल तर 'जिनी' हा हलका एडिटर पुरेसा आहे. त्याच्या नावाचं स्पेलिंग जी-ई-ए-एन-वाय असं आहे.

मराठीत टाइप करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये इनपुट मेथड किंवा कीबोर्डच्या भागात मराठी जोडा. सरकारी मानक असलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिथे मिळतो.

लॅबमध्ये चाललेला प्रोग्राम घरी का चालत नाही?

अनेक कॉलेजांत सी आणि सी++ अजूनही टर्बो सी++ वर शिकवतात. ते बोरलँड कंपनीचं १९९० च्या सुमाराचं सॉफ्टवेअर आहे. त्यात लिहिलेला प्रोग्राम लिनक्सच्या कंपायलरला दिला की 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल सापडत नाही, अशी एरर येते.

चूक तुमची नाही, लिनक्सचीही नाही. ती फाइल, स्क्रीन साफ करणारं 'क्लिअर-एससीआर' आणि 'गेट-सीएच' हे सी भाषेच्या मानकात नाहीतच, ते डॉसच्या काळातले जोड आहेत. या ओळी काढा, 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहा. बहुतेक साधे सी प्रोग्राम लगेच चालतात. सी++ मध्ये 'आयोस्ट्रीम डॉट एच' मधला 'डॉट एच' काढा आणि त्याखाली 'युझिंग नेमस्पेस एसटीडी' ही ओळ घाला. परीक्षेसाठी टर्बोच हवं असेल तर ते लिनक्सवर 'डॉसबॉक्स' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालतं.

पायथनमध्येही एक अडथळा नवशिक्यांना हमखास लागतो. 'पिप' नं लायब्ररी टाकायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. लिनक्सची स्वतःची बरीच कामं पायथनवर चालतात. तुमच्या लायब्ररीमुळे ती बिघडू नयेत म्हणून हे कुलूप आहे. ते तोडण्याचा मार्ग एररमध्येच दिलेला असतो, पण तो वापरू नका. त्याऐवजी 'पायथन३-व्हेन्व' हे पॅकेज टाका. मग 'पायथन३ -एम व्हेन्व सराव' अशी कमांड दिली की 'सराव' नावाची वेगळी खोली तयार होते. 'सोर्स सराव/बिन/ॲक्टिव्हेट' म्हटलं की तुम्ही त्या खोलीत शिरता. आता पिप मुक्तपणे वापरा. बिघडलं तर ते फोल्डर पुसून नवं करता येतं.

अडलं तर काय करायचं?

स्क्रीन काळी पडली: जुन्या ग्राफिक्स कार्डांबाबत, विशेषतः एनव्हिडियाच्या, हे होतं. पेनड्राइव्हच्या मेन्यूत मिंटसाठी 'कम्पॅटिबिलिटी मोड', उबुंटूसाठी 'सेफ ग्राफिक्स' निवडा. इन्स्टॉल झाल्यावर मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका.

वायफाय दिसत नाही: डेस्कटॉपवर बहुधा यूएसबी डोंगल असतो आणि त्याचा ड्रायव्हर लागतो. पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, मग करायचं काय? अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्स ते बहुतेक वेळा लगेच ओळखतं. मग 'एलएस-यूएसबी' कमांडनं डोंगलची चिप कोणती ते बघा आणि त्या नावानं ड्रायव्हर शोधा.

'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश आला: मागे दुसरं अपडेट सुरू आहे. दहा मिनिटं थांबा. लॉक फाइल पुसून टाका असा सल्ला इंटरनेटवर मिळेल, तो मानू नका.

अपडेट सुरू असतानाच लाइट गेली: पुढच्या वेळी 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' असं दिसेल. उपाय त्याच संदेशात दिलेला असतो: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. अर्धवट राहिलेलं काम ही कमांड पूर्ण करते.

सुरू होताना 'इनिट-रॅम-एफएस' लिहिलेली काळी स्क्रीन आली: अचानक लाइट गेल्यामुळे डिस्कवरच्या नोंदी विस्कटल्या असण्याची शक्यता आहे. स्क्रीनवर डिस्कच्या भागाचं नाव येतं, उदाहरणार्थ '/डेव्ह/एसडीए२'. 'एफएससीके -वाय' लिहून पुढे तेच नाव टाइप करा, दुरुस्ती झाली की 'एक्झिट' म्हणा. हे वारंवार होत असेल तर 'डिस्क्स' या ॲपमध्ये स्मार्ट तपासणी करा. डिस्क मरायला टेकली असेल तर तिथे कळतं. आधी डेटा बाहेर काढा.

तारीख मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत: जुन्या मशीनचा हा नेहमीचा आजार. मदरबोर्डवरचा 'सीआर २०३२' हा गोल सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट आणि अपडेट दोन्ही नकार देतात. स्वस्तातला सेल बदला, काम झालं. आणि विंडोज व लिनक्सच्या घड्याळात बरोबर साडेपाच तासांचा फरक पडत असेल तर सेल ठीक आहे. विंडोज भारतीय वेळ धरतं आणि लिनक्स जागतिक वेळ, म्हणून असं होतं.

मशीन मध्येच बंद पडते: एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्यात कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षांची धूळ. पंखा साफ करा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे बघा.

अचानक लाइट जाण्याचा त्रास रोजचाच असेल तर दोन सवयी लावा. 'टाइमशिफ्ट' या ॲपनं सिस्टीमची प्रत ठेवा. ते मिंटमध्ये आधीपासून असतं आणि बिघडलेली सिस्टीम मागच्या तारखेला नेतं. पण ते तुमच्या फाइलचा बॅकअप घेत नाही. त्यासाठी रोजचा कोड गिटनं ऑनलाइन ठेवा.

रीलमध्ये दिसलेली कमांड टाकायची का?

लगेच नाही. 'ही एक कमांड टाका, लिनक्स सुपरफास्ट होईल' असे व्हिडिओ फिरत असतात. सुडो लावलेली कमांड पूर्ण सिस्टीम पुसूही शकते. ज्या कमांडचा अर्थ कळत नाही, ती टाकू नका. आधी 'मॅन' लिहून पुढे कमांडचं नाव द्या, म्हणजे तिची माहिती उघडते.

मदत मागतानाही एक गोष्ट पाळा. "लिनक्स चालत नाही, हेल्प करा" याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. तुम्ही काय करत होतात, कोणती कमांड दिली, नेमका संदेश काय आला, डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती कोणती, या चार गोष्टी लिहा. मॉनिटरचा तिरका फोटो पाठवण्यापेक्षा एररचा मजकूर कॉपी करा. अनेकदा हे लिहिता लिहिताच उत्तर सापडतं.

लिनक्स सगळ्यांसाठी आहे का?

नाही. टॅली, फोटोशॉप किंवा काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर यांना विंडोजच लागतं. घरातलं कुणी त्यावर अवलंबून असेल तर विंडोज शेजारी राहू द्या.

पण कोडिंग शिकायचं असेल, तर या सगळ्या अडचणी अभ्यासक्रमाच्या बाहेरच्या नाहीत. पुढे नोकरीत तुमचा कोड बहुधा लिनक्सच्याच सर्व्हरवर चालेल आणि तिथेही दिवसाचा बराच वेळ एरर वाचण्यातच जातो. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' हे वाक्य शांतपणे वाचून ज्यानं स्वतः दुरुस्त केलं, त्याची प्रॅक्टिस तिथूनच सुरू झाली. तेव्हा आज रात्री आयएसओ उतरवायला लावा. पण त्याआधी लग्नाच्या फोटोंचा बॅकअप घ्या.